पाणी आहे, कुंड्या हव्यात

१६०९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात विल्यम हॉकिन्स नावाचा इंग्रज सुरतेहून आग्र्यास जाताना तापीकाठच्या बऱ्हाणपुरात थांबला. ईस्ट इंडिया कंपनीला मोगलांच्या मुलखात व्यापाराची सवलत मिळवून देणे हे त्याचे काम होते. दक्षिणेतील मोगल फौजांचा सेनापती अब्दुर रहीम खानखाना याची त्याने तेथे भेट घेतली. दोघांचे तीन तास बोलणे झाले आणि ते तुर्की भाषेत झाले. खानखानाला इंग्रजी येण्याचे काही कारण नव्हते. गरज इंग्रजाची होती आणि समोरच्याला समजेल अशी भाषा तो आधीच शिकून आला होता. पुढे सहा वर्षांनी, १६१५ च्या नोव्हेंबरात, सर टॉमस रो हा इंग्लंडचा वकील त्याच शहरात शाहजादा परवेझच्या दरबारात उभा राहिला. रो हा कसलेला मुत्सद्दी खरा. पण मोगल दरबाराची भाषा त्याला अवगत नव्हती आणि हिंदुस्थानातील त्याच्या साऱ्या मुक्कामात दुभाष्यावाचून त्याचे पान हलत नव्हते. या दोन भेटींत एक जुने सत्य दडलेले आहे. ज्याची अडलेली असते त्याला दुसऱ्याची भाषा शिकावी लागते. आणि जो ती शिकू शकत नाही त्याला दुसऱ्याच्या तोंडाने बोलावे लागते.

चार शतकांत पारडे पुरते फिरले आहे. सतराव्या शतकात टॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने ज्या बऱ्हाणपुरी मलमलीचे वर्णन केले ती इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असे. आजही त्या शहरात हजारो यंत्रमाग चालतात. परंतु मागावर बसणाऱ्या माणसापुढे येणारा बँकेचा अर्ज, विम्याची कलमे, औषधाच्या पाकिटावरील सूचना, मालाच्या मागणीचा कागद यांतील पुष्कळसा मजकूर इंग्रजीत असतो. २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांबरोबर तेथील ताप्ती मिलचीही चाके थांबली. चाळिशी उलटलेला गिरणी कामगार दुसरे काम शोधू लागला की त्याचे कसब कोणी विचारण्यापूर्वी त्याला इंग्रजी किती येते हे विचारले जाते. २०२४ मध्ये बऱ्हाणपूरची जुनी भुयारी पाणीयोजना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली. उद्या परदेशी प्रवासी वाढले तर त्यांना ती योजना कोण समजावून सांगणार? बाहेरून आणलेला इंग्रजी बोलका वाटाड्या, की ज्याच्या आजोबा-पणजोबांनी त्या पाण्यावर आयुष्य काढले तो स्थानिक तरुण? प्रौढांचे इंग्रजी हा हौसेचा विषय नसून पोटाचा आणि प्रतिष्ठेचा विषय आहे, हे यावरून ध्यानात यावे.

गोमंतकातील दैनिकाने इतक्या दूरच्या शहराची चिंता का वाहावी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे पहिले उत्तर भाषेचे आहे. बऱ्हाणपूर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले आणि २००३ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. पण सीमेच्या अलीकडे लगेच जळगाव जिल्ह्यातील रावेर लागते आणि मराठी बोलणारी कुटुंबे दोन्हीकडे नांदतात. दुसरे उत्तर आमच्या व्यवसायाचे आहे. देशातील पहिला वृत्तपत्रीय कागदाचा कारखाना याच जिल्ह्यातील नेपानगरला उभा राहिला आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्या कागदावर छापलेले शब्द वाचत या देशातील वाचकांच्या पिढ्या वाढल्या. तिसरे उत्तर मात्र खास आमचे आहे. १९ डिसेंबर १९६१ नंतर गोव्यात राज्यकारभाराची भाषा बदलली. पोर्तुगीज शिकून नोकरीला लागलेल्या कारकुनाला, शिक्षकाला, वकिलाला ऐन उमेदीत किंवा उतारवयात इंग्रजीची बाराखडी गिरवावी लागली. कर्त्या माणसाने पुन्हा पाटी हाती घेणे म्हणजे काय, हे गोव्याच्या घराघरांना ठाऊक आहे. आणि ३० मे २०२५ रोजी गोवा पूर्ण साक्षर झाल्याचे जाहीर झाले असल्याने, साक्षरतेच्या पुढची पायरी कोणती, हा प्रश्न बऱ्हाणपूरइतकाच आमच्याही दारात उभा आहे.

प्रौढांनी आपले आपण इंग्रजी शिकावे, ही कल्पना मराठी समाजाला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली आणि त्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पिढीने इंग्रजीला वाघिणीचे दूध मानले आणि परक्या सत्तेशी झुंजण्याचे बळ त्या दुधातून मिळविले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन दिव्याच्या उजेडात धडे सोडविणारे कारकून आणि प्राथमिक शिक्षक या महाराष्ट्रात कमी झाले नाहीत. ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या; बीबीसीने १९४३ मध्ये रेडिओवरून इंग्रजीचे धडे सुरू केले; व्हॉइस ऑफ अमेरिकेने १९५९ मध्ये दीड हजार शब्दांच्या संग्रहात आणि संथ गतीने बातम्या वाचण्याचा उपक्रम हाती घेतला. कपिल देव यांच्या जाहिरातीने घरोघरी पोचलेले ‘रॅपिडेक्स’ अनेकांच्या फळीवर अजून असेल. काळाने जे साधन दिले ते गरजवंताने वापरले, असाच हा इतिहास आहे.

आजचे साधन इंटरनेटचे आहे आणि ते आधीच्या सर्वांपेक्षा समर्थ आहे, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि एकेकाळी श्रीमंताच्या मुलाला शिकवणी लावूनही मिळत नसे ते खेड्यातील मजुराच्या खिशात आले. बीबीसी आणि ब्रिटिश कौन्सिल यांचे धडे विनामूल्य मिळतात. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे दालन २०१७ पासून खुले आहे. सरकारचाच ‘भाषिणी’ हा प्रकल्प भारतीय भाषांमधील अनुवादाची यंत्रणा उभारीत आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून तर यंत्राशी चक्क संभाषण करता येऊ लागले.

या साधनांचा सर्वांत मोठा गुण आमच्या मते तांत्रिक नाही, मानवी आहे. प्रौढ विद्यार्थ्याचा खरा शत्रू व्याकरण नसून लाज हा असतो. ज्याच्या शब्दाला घरात वजन आहे, ज्याला मुले भितात, त्याने चारचौघांत चुकीचे वाक्य बोलावे आणि कोणी तरी खुदकन हसावे, हा प्रसंग त्याला असह्य होतो. दुसऱ्या दिवशी तो वर्गाकडे फिरकत नाही. यंत्र हसत नाही. एकच वाक्य शंभर वेळा ऐकविण्याचा त्याला कंटाळा येत नाही. रात्री अकरा वाजता त्याचे दार बंद नसते. आपला उच्चार ध्वनिमुद्रित करून आपणच ऐकावा, गती कमी करून शब्द सुटा करून घ्यावा, अडलेला अर्थ तत्काळ पाहावा, या सोयी तर्खडकरांच्या वाचकाला स्वप्नातही दिसल्या नसतील. शेजारच्या बांगलादेशात २००९ मध्ये बीबीसीने ‘जानाला’ हा उपक्रम सुरू केला. साध्या मोबाईलवरून ३००० हा क्रमांक फिरवावा आणि तीन मिनिटांचा इंग्रजीचा धडा ऐकावा, इतकी सोपी ती योजना होती. लाखो लोकांनी तिचा लाभ घेतला. महागडे यंत्र नसतानाही कल्पकतेने काय साधते याचा तो पाठ आहे.

मग अडते कोठे? साधने हातात असूनही बऱ्हाणपूरच्या मागावरचा माणूस, किंवा आमच्या किनाऱ्यावरचा रापणकर, इंग्रजीपासून इतका दूर का राहतो? हल्ली या प्रश्नाला एक सोयीस्कर उत्तर दिले जाते: फोन आहे, धडे फुकट आहेत, शिकत नाही तो आळशी. हे उत्तर आम्हाला साफ अमान्य आहे. ते देणाऱ्यांनी शिकणाऱ्याकडे कधी नीट पाहिलेले नाही.

पहिली अडचण भाषेची. साधन उघडताच ते विचारते, तुमची भाषा कोणती? बऱ्हाणपूर जिल्ह्यात मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी आणि कोरकू या भाषा कानी पडतात. यंत्राच्या यादीत पुष्कळदा यांपैकी एक-दोनच नावे असतात आणि मराठी किंवा निमाडी माणूस निमूटपणे हिंदीवर बोट ठेवतो. म्हणजे त्याला एक परकी भाषा दुसऱ्या अर्धपरक्या भाषेतून शिकावी लागते. हा भेद क्षुल्लक नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ उभे राहते. इंग्रजीतील उपपदे मराठीला ठाऊकच नाहीत. मराठीतील ‘व’ या एका ध्वनीच्या जागी इंग्रजीत दोन निराळे ध्वनी आहेत. विद्यार्थी नेमका कोठे आणि का चुकतो हे त्याची मातृभाषा जाणणाऱ्याला चटकन कळते. यंत्र केवळ चूक असल्याची तांबडी खूण करते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर टाकले. त्याच मुलांच्या आईबापांच्या शिक्षणाबाबत मात्र अशी तरतूद नाही.

दुसरी अडचण शब्दांची. बहुतेक धडे विमानतळावर सुरू होतात आणि उपाहारगृहात संपतात. ज्याने विमान आकाशातच पाहिले आहे त्याला सामानाचे वजन कसे करावे हे इंग्रजीतून सांगितले जाते. त्याला हवे असते ते ताणा आणि बाणा, कांडी आणि पाळी, केळीचा घड आणि त्याची प्रतवारी, उधारी आणि पावती यांचे इंग्रजी. ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये अँजिकोस या गावी सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांच्या शिकवणीत वाचायला शिकविले, ते काही जादूच्या कांडीने नव्हे. शिकणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातले, त्यांच्या श्रमाचे आणि दुःखाचे शब्द त्यांनी आधी गोळा केले आणि त्यांवर धडे बेतले. तेथे लिहिणे-वाचणे शिकवायचे होते, येथे परकी भाषा शिकवायची आहे, हा फरक आम्ही जाणतो. परंतु प्रौढ माणूस आपल्या कामाच्या शब्दापासूनच पुढे चालू लागतो, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

तिसरी अडचण देहाची आहे आणि तिचा विचार क्वचितच होतो. यंत्रमागावरची पाळी लांब असते आणि कारखान्यातील खडखडाट कानठळ्या बसविणारा असतो. वर्षानुवर्षे त्या आवाजात उभ्या राहणाऱ्या कामगारांच्या श्रवणशक्तीवर परिणाम होतो. अशा माणसाला कानाला यंत्र लावून इंग्रजी ध्वनींतील बारीक फरक टिपायला सांगणे ही क्रूर थट्टा ठरू शकते. त्याच्यासमोर बसलेला शिक्षक ओठांची हालचाल दाखवील, शब्द फळ्यावर लिहील, आज हा माणूस थकला आहे हे ओळखून धडा आवरता घेईल. यंत्राला विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाही.

चौथी अडचण सर्वांत गंभीर. फोन घरात आहे. पण तो कोणाचा आहे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के होते. मध्य प्रदेशात ते चाळिशीपर्यंतही पोचले नव्हते. त्याच पाहणीत इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण देशभरात ५७ टक्के, तर स्त्रियांचे अवघे ३३ टक्के होते. घरी बसून विड्या वळणारी, शिवणकाम करणारी किंवा मुलांचा अभ्यास घेऊ इच्छिणारी बाई नवरा कामावरून परतेपर्यंत फोनची वाट पाहते आणि तो परतला की स्वयंपाकाची वेळ होते. ‘कोणीही, कोठेही, केव्हाही’ ही या साधनांची घोषणा तिच्यापुरती ‘नवऱ्याला वाटले तर, स्वयंपाक आटोपल्यावर’ अशी होते. साधन फुकट असल्याने ते सर्वांना मिळते असा समज करून घेणे म्हणजे गावाबाहेर विहीर आहे म्हणून सर्वांच्या घागरी भरलेल्या आहेत असे मानण्यासारखे आहे.

आणखी एका गोष्टीचा इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. पुष्कळशी विनामूल्य साधने जाहिरातींवर जगतात आणि शिकणाऱ्याचे लक्ष हा त्यांचा माल असतो. गुण, पदके, सलग किती दिवस हजेरी लागली त्याचे आकडे यांच्या मोहात माणूस रोज पाच मिनिटे खेळतो आणि आपण शिकलो असे समजतो. आकडा वाढतो, जीभ वळत नाही. बोलके यंत्र तर कधी कधी चुकीचे उत्तरही अशा ठामपणे देते की नवशिक्याने ते वेदवाक्य मानावे. शिवाय दुसऱ्याने चालविलेली सोय दुसऱ्याच्या मर्जीवर चालते. व्हॉइस ऑफ अमेरिकेचे प्रसारण मार्च २०२५ मध्ये अमेरिकन सरकारच्या एका आदेशानंतर जवळपास ठप्प झाले. जगभरातील नवशिके ज्या संस्थेच्या संथ इंग्रजीवर सहा दशके विसंबले, तिचा आवाज एका सहीने थांबू शकतो. तेव्हा परक्या नळावर तोंड लावून बसण्यात शहाणपण नाही.

इथे बऱ्हाणपूरच्याच एका प्राचीन योजनेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. १६१५ च्या सुमारास, हॉकिन्सशी तुर्कीत बोललेल्या त्याच खानखानाच्या काळात, या शहरात पाण्याची अजब व्यवस्था उभारली गेली. लोक तिला कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा म्हणतात. सातपुड्याच्या डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत असते. एका इराणी तज्ज्ञाने ते वाटेतच अडविले, भुयारातून एकत्र वळविले आणि त्या भुयारावर ठरावीक अंतराने विहिरींसारख्या शंभरावर कुंड्या खोदल्या. उतारामुळे पाणी आपोआप शहराकडे वाहते. कुंड्यांतून भुयारात हवा जाते, माणसाला उतरून सफाई करता येते आणि पाणी वर काढता येते. पाणी तर त्या आधीही होतेच, हजारो वर्षे होते. पण ते जमिनीच्या पोटातून कोणाच्याही उपयोगी न पडता नदीला मिळत होते. कुंड्या खोदल्या तेव्हा त्याचे पिण्याचे पाणी झाले.

इंटरनेटवरील ज्ञानाची आजची स्थिती त्या भूगर्भातील पाण्यासारखी आहे. ते विपुल आहे, स्वच्छही आहे, फुकट आहे. पण ते मागावरच्या माणसाच्या पायाखालून वाहून जाते. उणीव पाण्याची नाही, कुंड्यांची आहे. कुंडी म्हणजे ठरावीक जागा, ठरावीक वेळ आणि तेथे बसलेला, शिकणाऱ्याची भाषा जाणणारा शिक्षक. एवढी एक गोष्ट राज्यकर्त्यांच्या आणि समाजाच्या मनावर बिंबावी, यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. आणि आता २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’ या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. या कार्यक्रमासाठी पाच वर्षांत १०३७.९० कोटी रुपयांची तरतूद आणि पाच कोटी प्रौढांचे उद्दिष्ट आहे. भागाकार केला तर माणशी दोनशे रुपयांच्या आसपास रक्कम येते. शिकविण्याचे काम स्वयंसेवकांनी विनावेतन करावे अशी त्यात अपेक्षा आहे आणि बराच भार मोबाईलवरील साहित्यावर टाकलेला आहे. सेवाभावाविषयी आम्हाला नितांत आदर आहे. या देशाचे स्वातंत्र्य सेवाभावावरच उभे राहिले. परंतु मुलांना शिकविणाऱ्याला पगार आणि त्यांच्या आईबापांना शिकविणाऱ्याला प्रशस्तिपत्र, हा न्याय आम्हाला पटत नाही. आंदोलन सेवाभावावर चालते, शाळा चालत नाही.

काय करता येईल? बऱ्हाणपुरात नव्या इमारतीची गरज नाही. सायंकाळी कुलूप लागणाऱ्या शाळांच्या खोल्या आहेत, वाचनालये आहेत, महाविद्यालये आहेत. त्यांतील एक खोली दिवेलागणीनंतर दोन तास उघडी ठेवावी. तेथे एक मोठा पडदा आणि इंटरनेटची जोडणी असावी. शहरातील पदवीधर तरुण-तरुणींना रीतसर मानधन देऊन तेथे नेमावे. निवडताना त्यांचे इंग्रजी पाहावे, पण शिकणाऱ्यांची भाषा त्यांना येते की नाही हे त्याहून आधी पाहावे. त्यांनी उपलब्ध धड्यांतून निवड करावी, उपयोगी ते उतरवून ठेवावेत, म्हणजे जोडणी तुटली किंवा परदेशातील एखादे दालन बंद पडले तरी वर्ग थांबणार नाही. वर्गात धडा एकदा ऐकावा, त्यावर मराठीत, हिंदीत, उर्दूत मोकळी चर्चा व्हावी, मग दोघादोघांनी इंग्रजीत बोलून पाहावे. पाळी बदलल्यामुळे ज्याला येता आले नाही त्याला तोच धडा फोनवर पाठवावा. यंत्राचे खरे स्थान हे असे आहे: वर्गात शिकलेले घरी घोकून घेण्यासाठी आणि चुकलेला तास भरून काढण्यासाठी.

प्रत्येक केंद्राने पहिल्या महिन्यात विणकराचे, केळीच्या व्यापाऱ्याचे, दुकानदाराचे, वाटाड्याचे, रुग्णालयात काम करणाऱ्याचे दोन-तीनशे शब्द गोळा करावेत आणि त्यांवर स्वतःचे धडे तयार करावेत. असे धडे तयार करण्यासाठी बोलक्या यंत्राची मदत जरूर घ्यावी. शिक्षकाने ते तपासावेत म्हणजे झाले. स्त्रियांसाठी दुपारची वेगळी वेळ असावी, मुलांना सोबत आणण्याची मुभा असावी आणि फोन केंद्राने पुरवावेत, म्हणजे शिकण्यासाठी नवऱ्याच्या परवानगीची व त्याच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही. परीक्षा मात्र गुणांची नको. सहा महिन्यांनी बँकेचा अर्ज स्वतः भरता आला का, औषधावरील सूचना वाचता आली का, दूरध्वनीवर पत्ता सांगता आला का, एवढेच विचारावे. ज्या दिवशी बाई मुलीच्या शाळेतील पत्र दुसऱ्याकडून वाचून न घेता स्वतः वाचील, त्या दिवशी ती उत्तीर्ण झाली असे समजावे.

इंग्रजांना घालवून इतकी वर्षे झाली, आता इंग्रजीचे एवढे स्तोम कशाला, असा आक्षेप येईल. तो प्रामाणिक आहे आणि त्यामागच्या भावनेशी आम्ही सहमत आहोत. राज्यकारभार, न्यायदान, औषधांवरील सूचना हे सर्व लोकांच्या भाषेत आले पाहिजे आणि त्यासाठीचा आग्रह आम्ही सोडलेला नाही. परंतु ती पहाट उगवेपर्यंत गरिबाने अंधारात बसावे, असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालून मजुराला स्वभाषेच्या अभिमानाचे धडे देणारे पुढारी या देशात थोडे नाहीत. त्यांच्या त्या अभिमानापेक्षा मजुराची गरज आम्हाला अधिक खरी वाटते. उलट मातृभाषेच्या आधाराने शिकविलेले इंग्रजी मातृभाषेला मारक ठरत नाही. आपल्या भाषेचे व्याकरण प्रौढपणी दुसऱ्या भाषेशी ताडून पाहणारा माणूस आपल्या भाषेकडेही नव्या डोळ्यांनी पाहू लागतो. ज्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरला गेला, ज्या शहराचा सुभेदार तुर्की बाबरनामा फारसीत आणतो आणि स्वतः हिंदीत दोहे रचतो, त्या शहराला अनेक भाषांचे भय वाटण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एक खोली, एक पडदा, दोन शिक्षकांचे मानधन. नगरपालिका आपल्या समारंभांवर, कमानींवर आणि फलकांवर वर्षाकाठी जे खर्चते त्याच्याशी हा हिशेब करून पाहावा, एवढेच आम्ही म्हणू. केळीचे व्यापारी आणि कापडाचे कारखानदार यांनीही आपला वाटा उचलावा. शिकलेल्या कामगाराचा लाभ प्रथम त्यांनाच होणार आहे. आणि हे फक्त बऱ्हाणपूरला लागू आहे असे गोव्याच्या राज्यकर्त्यांनीही मानू नये. पूर्ण साक्षर म्हणून घोषित झालेल्या आमच्या राज्यात किती पंचायतींची वाचनालये सायंकाळी प्रौढांसाठी उघडी असतात आणि तेथे त्यांना शिकविणारे कोणी असते काय, याचे उत्तर त्यांनी जनतेला द्यावे.

खानखानाच्या काळातील त्या कारागिरांनी नवे पाणी निर्माण केले नाही. असलेल्या पाण्यापर्यंत माणसाला पोचता यावे म्हणून त्यांनी जमीन खोदली, आणि चारशे वर्षे उलटून गेल्यावरही त्या भुयारातून पाणी वाहते आहे. आमच्या पिढीला तर एवढेही खोदायचे नाही. संध्याकाळी एका खोलीचे कुलूप काढायचे आहे आणि तेथे एका शिक्षकाला मानाने बसवायचे आहे. तेवढे जरी या वर्षी बऱ्हाणपुरात आणि आमच्या गावोगावी झाले, तरी पुष्कळ माणसे दुभाष्यावाचून स्वतःच्या तोंडाने बोलू लागतील.